जॅझ क्लबात मित्राने विचारलेला प्रश्न: मधल्या वेळात गाणे जाते कुठे?

मंद्रसप्तक

ज्याने कधीच जॅझ ऐकलेले नाही अशा माणसाला थेट क्लबात नेऊन बसवावे, की आधी घरी चार ध्वनिमुद्रणे ऐकवून त्याचे कान तयार करावेत, याविषयी मते वेगवेगळी असू शकतात. गेल्या शनिवारी मी पहिला मार्ग धरला. त्या रात्री मित्राने एक प्रश्न विचारला आणि मी माझ्या परीने त्याचे उत्तर दिले. त्या उत्तरावर इथल्या वादकांचे आणि मुरलेल्या श्रोत्यांचे म्हणणे ऐकायचे आहे, म्हणून हा धागा.

क्लब लहानसाच आहे. तळघरातील खोली, गुडघ्याएवढ्याही उंचीचे नसलेले व्यासपीठ आणि त्याला जवळजवळ चिकटून मांडलेली टेबले. वादक चौघे होते: टेनर सॅक्सोफोन, पियानो, डबल बास आणि ड्रम्स. माझा मित्र गाण्यांचा शौकीन आहे, पण त्याचे ऐकणे शब्दांच्या आधाराने चालते. शब्द नसले की तो चाल धरून बसतो आणि चालही सुटली की अस्वस्थ होतो. पहिली रचना सुरू झाली तेव्हा स्वारी खूश होती, कारण सॅक्सोफोनवर सुरावट सरळ, फारशी न नटवता वाजवली गेली. मग सॅक्सोफोनचा सोलो झाला, पियानोचा झाला, बासचा झाला आणि सात-आठ मिनिटांनी तीच सुरावट परत येऊन रचना संपली. टाळ्या थांबायच्या आत मित्राने विचारले, "सुरुवातीला गाणे होते, शेवटीही होते. मधल्या वेळात ते गेले कुठे?"

मी सांगितले की ते कुठेही गेले नव्हते. जॅझवादक ज्यांना स्टँडर्ड म्हणतात त्या जुन्या रचनांपैकी पुष्कळशा 32 बारच्या असतात, आणि एका बारमध्ये बहुधा चार मात्रा असतात. त्यातही सर्वांत परिचित घाट आठ-आठ बारच्या चार तुकड्यांचा आहे: पहिला, दुसरा आणि चौथा तुकडा जवळपास सारखा, तर तिसरा वेगळा, ज्याला ब्रिज म्हणतात. सुरुवातीला वाजते ते हेड. हेड संपल्यावर सुरावट बाजूला ठेवली जाते, पण तिच्याखालची कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांची, साखळी त्याच क्रमाने आणि त्याच लांबीने पुन्हा पुन्हा फिरत राहते. असा एक फेरा म्हणजे एक कोरस. मिनिटाला 160 मात्रांच्या लयीत 32 बार 48 सेकंदांत संपतात. म्हणजे चार मिनिटांच्या सोलोत अख्खे गाणे पाच वेळा आरंभापासून अंतापर्यंत होऊन जाते. आपल्याला ते ऐकू येत नाही, पण व्यासपीठावरच्या चौघांनी ते मनात धरलेले असते.

मग मी त्याला एकच गोष्ट करायला सांगितली: पुढच्या रचनेत सोलो कितीही दूर गेला तरी तू मूळ चाल मनातल्या मनात म्हणत राहा, आणि चुकलास तर पुढच्या तुकड्याच्या तोंडाशी थांबून पुन्हा पकड. दुसऱ्या रचनेत त्याचे ओठ हलताना मला दिसत होते. पियानोच्या सोलोत ब्रिज आला त्याच वेळी ड्रमरने काठी एका सिंबलवरून (धातूच्या थाळीवरून) दुसऱ्या सिंबलवर नेली, आणि मित्राने टेबलावर बोट आपटून माझ्याकडे पाहिले. त्याने जागा बरोबर पकडली होती.

आता प्रश्न असा की हा सल्ला नवख्याला द्यावा का? की त्यामुळे ऐकण्याची नुसती मोजणी होऊन बसते?

सम_आणि_खाली

सल्ला योग्य आहे. तबला ऐकत वाढलेल्या आमच्यासारख्यांना कोरस म्हणजे आवर्तन हे समीकरण चटकन सुचते आणि बऱ्याच अंशी ते चालतेही, मात्र दोन ठिकाणी ते तुटते आणि नेमकी तीच दोन ठिकाणे मला मोलाची वाटतात.

पहिली गोष्ट अशी की तीनतालाच्या सोळा मात्रांवर कोणत्याही रागाची बंदिश बसू शकते, कारण तालाला स्वरांशी काही देणेघेणे नसते. इथे मात्र फेऱ्यातील प्रत्येक बारची कॉर्ड ठरलेली असते. त्यामुळे वादक कुठवर आला आहे हे मोजून जसे कळते तसेच स्वरांवरूनही कळते. सतराव्या बारला ब्रिज सुरू होतो तेव्हा बहुतेक वेळा सुरांचे घरच बदलते आणि न मोजणाऱ्याच्या कानालाही तो बदल जाणवतो. म्हणूनच चाल गुणगुणत राहणे ही कोरडी मोजणी ठरत नाही.

दुसरी गोष्ट ड्रम्सच्या सोलोची. स्वतंत्र तबलावादनात सारंगीवर किंवा हार्मोनियमवर लेहरा, म्हणजे आवर्तनाएवढी एकच सुरावट, अखंड चालू असतो आणि कितीही अवघड तिहाई आली तरी सम कुठे आहे हे श्रोत्याला ऐकू येत राहते. क्लबात ड्रमर फेरा धरून सोलो वाजवतो तेव्हा बहुधा कुणीही लेहरा धरत नाही. बाकीचे तिघे हात सोडून उभे असतात, त्यांच्यातला एखादा तर जमिनीकडे पाहत असतो, आणि तरीही 32 बार संपताच तिघे एकाच मात्रेवर हेडमध्ये उतरतात. पहिल्यांदा हे प्रत्यक्ष पाहिले तेव्हा मला त्या ड्रमरपेक्षा न वाजवणाऱ्या तिघांचेच अधिक कौतुक वाटले.

गजाविना_बास

मी हौशी बासवादक आहे, त्यामुळे वरच्या प्रतिसादातील जमिनीकडे पाहणारा माणूस बहुतेक आमच्यापैकीच असावा. ड्रम्स चालू असताना आम्ही तिथे काय करतो, तर मंद्रसप्तकांनी मित्राला जे सांगितले तेच: मनात चाल म्हणतो. चांगला ड्रमरही तीच चाल म्हणत असतो, आणि त्याच्या टॉमच्या (लहानमोठ्या ढोलांच्या) चढउतारांत ती अधूनमधून डोकावते. ज्याला फक्त आकडे मोजायची सवय आहे तो दोन कोरसनंतर हरवतो. ज्याला गाणे पाठ आहे तो सहसा हरवत नाही.

सल्ल्यात मी एक भर घालीन. चाल सुटली तर ती शोधायला सॅक्सोफोनकडे जाऊ नका, बासकडे या. वॉकिंग बास म्हणजे दर मात्रेला एक स्वर, आणि कॉर्ड बदलते त्या मात्रेवर आम्ही बहुधा त्या कॉर्डचा मूळ स्वर ठेवतो. कॉर्डची साखळी सर्वांत उघडपणे तिथेच ऐकू येते. पियानोवादकाचा डावा हात पुष्कळदा तो मूळ स्वर मुद्दाम गाळतो, कारण तो आमच्याकडे आहे हे त्याला माहीत असते. ड्रमरचा हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणारी सिंबलची जोडी, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटतो, तोही कानाला आधार देतो. ओघाने सांगतो, टाळी द्यायचीच असेल तर ती दुसऱ्या-चौथ्यावर द्यावी. पहिल्या-तिसऱ्यावर टाळ्या पडू लागल्या की पायाखालची फळी सरकल्यासारखे होते.

अडचण एकच आहे. लहान खोलीत बास ऐकू येणे हे तुम्ही कुठे बसला आहात यावर अवलंबून असते. भिंतीलगत आणि विशेषतः कोपऱ्यात खालचे स्वर फुगतात, घुमतात आणि एकमेकांत मिसळतात. तिथे बास मोठा वाटतो, पण कोणता स्वर वाजला ते कळत नाही. ड्रम्सच्या अगदी समोर बसलात तर सिंबल सगळ्यावर पसरतो. पियानोचे झाकण ज्या बाजूला उघडते त्या बाजूला, बासपासून दोन-तीन हातांवर जागा मिळाली तर घ्यावी. तिथून तारेवर बोटाचे मांस आपटल्याचा आवाजही ऐकू येतो.

मागची_भिंत

माझे नाव पाहून माझी आवडती जागा कळली असेलच, पण खालच्या स्वरांबद्दलचे म्हणणे मान्य आहे.

मला वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. मित्राला हे सगळे समजावले ते कधी? दोन रचनांच्या मधल्या टाळ्यांत समजावले असेल तर ठीक. पण क्लबात एखाद्याला जॅझ शिकवण्याच्या उत्साहात असणारे लोक वाजवणे चालू असतानाच कानाशी लागतात, आणि त्यातही बासचा सोलो आला की त्यांना ती मध्यंतराची वेळ वाटते. पियानो थांबलेला असतो, ड्रमर फक्त हाय-हॅटवर किंवा ब्रशवर आलेला असतो, खोलीतला आवाज एकदम निम्म्याने खाली येतो आणि नेमक्या त्याच क्षणी चार टेबलांवरची चर्चा स्पष्ट ऐकू येते. परवाच माझ्या शेजारच्या गृहस्थांनी अख्ख्या बास सोलोत आपल्या सोबतिणीला बास म्हणजे काय ते सांगितले.

चार्ल्स मिंगस हा स्वतः बासवादक, त्यामुळे त्याला हे चांगले ठाऊक होते. 1960 मध्ये त्याने स्टुडिओत एक ध्वनिमुद्रण केले. समोर श्रोते नव्हते, तरी आपण क्लबात आहोत असे समजून त्याने सुरुवातीलाच निवेदन केले: टाळ्या आवरा, पेल्यातला बर्फ खुळखुळवू नका, गल्ल्याची घंटा वाजू देऊ नका. रिकाम्या खोलीला दिलेली ही तंबी ऐकताना हसू येते, पण प्रत्यक्ष क्लबांत त्याने काय सोसले असेल याचा अंदाजही येतो.

मंद्रसप्तक

समजावणे टाळ्यांतच झाले, आणि उरलेले पहिल्या सेटनंतरच्या विश्रांतीत. बास सोलोत आम्ही दोघेही गप्प होतो, एवढे मी शपथेवर सांगू शकतो.

तरीही संपूर्ण शांततेचा आग्रह मला पटत नाही. न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड हा 1935 मध्ये सुरू झालेला तळघरातला क्लब आहे. तिथे 25 जून 1961 रोजी, रविवारी, पियानोवादक बिल एव्हान्स, बासवादक स्कॉट लाफारो आणि ड्रमर पॉल मोशन यांच्या त्रयीचे ध्वनिमुद्रण झाले. ते आज जॅझमधील सर्वोत्तम थेट ध्वनिमुद्रणांत गणले जाते. त्यात पेल्यांची किणकिण आहे, कुजबुज आहे, मध्येच कुणाचे तरी हसणे आहे. त्यानंतर अकराच दिवसांनी, 6 जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. तो तेव्हा अवघा 25 वर्षांचा होता. त्या दुपारी आणि संध्याकाळी गप्पा मारत बसलेल्यांना आपण काय ऐकत आहोत याची कल्पना नव्हती, याचे वाईट वाटते. पण तो आवाज पुसून टाकलेले ध्वनिमुद्रण मला नको आहे. तीन वादक एकमेकांचे किती बारकाईने ऐकत होते हे त्या गलक्यामुळेच अधिक कळते.

मागची_भिंत

साठ वर्षांपूर्वीचा गलका ध्वनिमुद्रणात गोड लागतो. तो करणारे शेजारच्या टेबलावर असले की तितका गोड लागत नाही.

नवखी_श्रोती

मी या विषयात अगदीच नवीन आहे, म्हणून भाबडा वाटेल असा प्रश्न विचारते. मूळ चाल मनात म्हणायची, हे ठीक. पण ती चाल आधी माहीत असायला हवी ना? तुमच्या मित्राने ती एकदाच ऐकली आणि लगेच पाठ केली असेल तर त्यांचा कान असामान्य आहे. मी एकदा मैत्रिणीबरोबर गेले होते तेव्हा हेड इतके वेगात आणि वेडेवाकडे वाजले की त्यातला एकही तुकडा लक्षात राहिला नाही. दुसरे असे की दर सोलोनंतर टाळ्या वाजवणे सक्तीचे आहे का? त्या टाळ्यांत पुढच्या वादकाचे पहिले चार-पाच बार बुडतात.

मंद्रसप्तक

भाबडा मुळीच नाही. मित्राच्या बाबतीत नशिबाने साथ दिली, कारण दुसरी रचना संथ होती आणि तिची सुरावट सोपी होती.

तुम्ही वर्णन केलेले हेड बहुधा बीबॉप शैलीतले असावे. 1940 च्या दशकात वादकांनी जुन्या लोकप्रिय गाण्यांची कॉर्डची साखळी घेऊन तिच्यावर स्वतःच्या नव्या, चपळ सुरावटी बसवल्या. संगीतकार जॉर्ज गर्श्विनच्या 1930 मधल्या 'आय गॉट ऱ्हिदम' या एकाच गाण्याच्या साखळीवर अशा कितीतरी रचना उभ्या आहेत. मूळ गाण्याला शेवटी दोन बारची शेपटी होती, म्हणजे ते 34 बारचे होते. वादकांनी ती छाटून 32 केले. यामागे व्यवहारही होता. सुरावटीवर स्वामित्वहक्क लागतो, निव्वळ कॉर्डच्या क्रमावर सहसा लागत नाही, त्यामुळे नवी सुरावट बसवली की रचना आपली होते. मुद्दा असा की अशा वेळी नवी सुरावट निसटली तरी तिच्याखालचे जुने गाणे म्हणता येते, आणि ते फेऱ्यात चपखल बसते.

आणि काहीच ओळखीचे नसेल तर ब्लूजची वाट पाहावी. प्रत्येक सेटमध्ये एखादा तरी ब्लूज असतोच असे म्हटले तरी चालेल. तो 12 बारचा, चार-चार बारच्या तीन ओळींचा, आणि त्याचे हेड बहुधा लागोपाठ दोनदा वाजवतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला दुसरी संधी मिळते. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक फेरा 24 सेकंदांचा होतो. पाचव्या बारला कॉर्ड बदलते ती जागा एकदा ओळखू आली की बाकीचे हळूहळू उलगडते.

टाळ्यांचे म्हणाल तर सक्ती कसलीच नाही. संथ रचनेत मी त्या राखून ठेवतो.

चौकटीबाहेर

इथवरची चर्चा वाचून असे वाटेल की सारा जॅझ 12 किंवा 32 बारच्या पिंजऱ्यात राहतो. नोव्हेंबर 1959 मध्ये सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन आपली चौकडी घेऊन न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट या क्लबात आला, तेव्हा तिथे जमलेल्या नामवंत वादकांत उभी फूट पडली, कारण त्याच्या चौकडीत पियानो नव्हता आणि सोलो ठरलेल्या कॉर्डच्या साखळीला बांधलेला नव्हता. तिथे तुमचा मित्र मूळ चाल गुणगुणत बसला असता तर पहिल्या मिनिटातच ती निरुपयोगी ठरली असती. आजही अनेक क्लबांत अर्धा सेट असाच असतो. मग नवख्याला दिलेली ही एकमेव किल्ली कुलपाला लागत नाही, आणि किल्ली लागली नाही म्हणून तो संगीतालाच नावे ठेवतो.

त्यापेक्षा मी असे सांगेन की एक वादक निवडा, त्याच्याकडे पाहा, आणि तो कुणाचे ऐकतो आहे ते शोधा.

गजाविना_बास

कोलमनबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, पण त्या चौकडीतही चार्ली हेडन बासवर होता आणि बिली हिगिन्स ड्रम्सवर. साखळी नव्हती तरी लय पक्की होती. शिवाय हेड तिथेही सुरुवातीला आणि शेवटी वाजत होते.

आणि फेरा शाबूत ठेवूनही चाल जवळजवळ सोडून देता येते. सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सने 1939 मध्ये 'बॉडी अँड सोल' ध्वनिमुद्रित केले, त्यात सुरुवातीच्या काही बारनंतर मूळ सुरावट तो जवळपास वाजवतच नाही. पण साखळी पूर्ण आहे, आणि ते गाणे माहीत असलेल्याला ती लख्ख ऐकू येते. विशेष म्हणजे ती तबकडी सर्वसामान्य लोकांतही खूप चालली. त्या श्रोत्यांना गाणे पाठ होते, म्हणून वादकाला ते न वाजवण्याची मुभा मिळाली असे मला वाटते.

तुमची दुसरी सूचना मात्र मी उचलतो. पाहण्यासारखे खूप असते. सोलो संपवताना वादक पुढच्याकडे मान वळवतो. कुणी डोक्यावर हात ठेवला तर हेडकडे परत चला असा अर्थ. चार बोटे दाखवली तर आता ड्रमरबरोबर चार-चार बारची देवाणघेवाण, म्हणजे 32 बारच्या फेऱ्यात चार पाळ्या इतरांच्या आणि चार ड्रमरच्या. जॅम सेशनला अनोळखी वादक एकत्र येतात तेव्हा पट्टीही बोटांनीच सांगतात: तीन बोटे खाली म्हणजे तीन फ्लॅट (उतरवलेले स्वर), अर्थात ई फ्लॅट पट्टी, वर केली तर तेवढे शार्प (चढवलेले).

सम_आणि_खाली

जॅम सेशनचा विषय निघालाच आहे तर विचारतो. नवख्याला ठरलेल्या कार्यक्रमाला न्यावे की जॅम सेशनला? माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण तिथे घडी विस्कटते आणि पुन्हा बसते, ती डोळ्यांदेखत. कुणीतरी ब्रिज विसरतो, पियानोवाला त्याला एक ठळक कॉर्ड देऊन परत आणतो, आणि या सुधारणेत रचनेचा सांगाडा उघडा पडतो.

चौकटीबाहेर

आणि कधी कधी कुणी परत आणतही नाही. 1936 मध्ये कॅन्सस सिटीच्या रेनो क्लबात कुमारवयातला सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर जॅमला उभा राहिला आणि भरकटला, तेव्हा ड्रमर जो जोन्सने सिंबल काढून त्याच्या पायाशी फेकला, अशी हकिकत जॅझच्या इतिहासात पुन्हा पुन्हा सांगितली जाते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील मिंटन्स प्लेहाउस या क्लबात 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला जी रात्रीची सत्रे होत, तिथेही नको असलेल्या वादकाला पिटाळण्यासाठी कॉर्ड मुद्दाम अवघड केल्या जात, असे सांगतात. आताचे जॅम पुष्कळच सभ्य असतात, पण एकाच रचनेवर आठ जण ओळीने सोलो वाजवू लागले की नवखा श्रोता घड्याळ पाहू लागतो. माझे मत ठरलेल्या कार्यक्रमाच्या बाजूने, आणि त्यातही दुसऱ्या सेटच्या. पहिल्या सेटमध्ये वादक खोलीचा अंदाज घेत असतात.

नवखी_श्रोती

ब्लूजचा सल्ला वापरून पाहिला. घरीच एक ध्वनिमुद्रण लावून फेरे मोजले. तिसऱ्या फेऱ्यापर्यंत बारांची गल्लत होत होती, मग बासकडे लक्ष दिल्यावर पाचव्या बारचा बदल ऐकू आला. बाराव्या बारच्या शेवटी ड्रमर काहीतरी लहानसे वाजवून नवा फेरा सुरू झाल्याचे सांगतो, तेही लक्षात आले. हे तो नेहमीच करतो का?

गजाविना_बास

नेहमी नाही, पण पुष्कळदा करतो. स्नेअरवर दोन-तीन टोले किंवा पहिल्या मात्रेवर सिंबल, अशी ती खूण असते. नाठाळ ड्रमर तीच खूण मुद्दाम दोन मात्रा उशिरा देतो. तेव्हा आमच्याकडे पाहा. आम्ही हसत असू तर ते ठरवून झाले आहे.

मंद्रसप्तक

मित्राला येत्या शनिवारी पुन्हा जायचे आहे, आणि या वेळी पियानो, बास, ड्रम्स अशी त्रयी आहे, सॅक्सोफोन नाही. गजाविना_बास, तुम्ही सांगितलेली पियानोच्या उघड्या झाकणाची बाजू आमच्या क्लबात नेमकी ये-जा करण्याच्या वाटेवर येते. पर्याय काय?

गजाविना_बास

मग पियानोवादकाच्या पाठीमागे बसा. झाकण पलीकडे उघडत असल्याने पियानोचा आवाज थोडा बोथट येईल, पण दोन्ही हात दिसतील. त्रयीत पियानोवादक बासकडे पाहत वाजवत असल्याने खुणाही सगळ्या तिथूनच टिपता येतील. फक्त लवकर पोहोचा. त्या जागा बहुधा वादकांचे मित्र धरून ठेवतात.